दिवसा फोटो, रात्री चिरफाड

गुरुवार

नियम आत्याने गाडीतच सांगून टाकले. घोटी मागे पडली होती, बारीचा फाटा यायचा होता आणि कळसूबाई ढगात पार बुडून गेली होती. दिवसभर हवे तेवढे फोटो काढा, रात्री मात्र प्रत्येकाने पाचच दाखवायचे. दाखवताना तोंड उघडायचं नाही. ‘तिथे फार वारा होता’, ‘तेवढ्यात ढग आला’ असली कैफियत चालणार नाही. बघणारा आधी सांगेल, त्याचा डोळा कुठे गेला, कुठे अडला आणि कुठून चौकटीबाहेर पडला. आणि ‘छान’ म्हणायला बंदी.

भाचा मागच्या सीटवरून म्हणाला, “मग ‘भारी’ चालेल का, आत्याआजी?”

आत्या आणि तिच्या यजमानांचा नाशकात फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्टचे फोटो. मागच्या खोलीत लाल दिवा आणि रसायनांचे ट्रे. स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण पावसाळा सरत आला की ती अजूनही ट्रायपॉड घेऊन सह्याद्रीत कुठेतरी जाते. मी मात्र या वाटेला अगदी नवी. सेकंडहँड क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली अठरा-पंचावन्न मिलिमीटरची झूम लेन्स, आणि घरच्यांच्या ग्रुपवर मिळणारे भरघोस अंगठे. त्या अंगठ्यांनी बरं वाटतं, पण पुढच्या फोटोत नेमकं काय बदलायचं ते कळत नाही. म्हणून एकदा धीर करून आत्याला माझे फोटो दाखवले. तिने ते भराभर पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाली, “इथे बसून मी सांगणार की दोन पावलं डावीकडे सरकायला हवं होतं. मग काय, परत जाणार आहेस तिथे? त्यापेक्षा मला घेऊन चल.”

भंडारदरा तिने निवडलं त्याचं कारणही तेच. धरणाच्या पाण्याभोवती रस्ता फिरतो. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि पुन्हा शेंडी. रात्री ज्या फोटोवर शेरा बसेल, त्याच जागी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन उभं राहता येतं. सगळ्या सहलीचा बेत एवढाच होता.

शेंडीच्या नाक्यावर अभयारण्याची पावती फाडली आणि धरणापाशी थांबलो. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पुरं झालेलं हे दगडी धरण. नाव विल्सनसाहेबाचं, कारण तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन होते. भिंतीखाली छत्रीसारखा गोल कातळ आहे. धरणातून पाणी सोडलं की ते त्याच्यावरून पसरतं, तोच तो अंब्रेला फॉल. तिथे इतकी गर्दी होती की आत्याने गाडीतून उतरायलाच नकार दिला.

मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडीकडे जाताना एका ठिकाणी पाणी अगदी रस्त्याजवळ आलं होतं. समोर रतनगड, त्याच्या शेजारी खुट्टा सुळका, मागे सूर्य उतरायला लागलेला. मी उड्या मारतच उतरले. आकाश, डोंगर, पाणी, काठावरचा दगड, सोनकीची पिवळी फुलं, एक होडी, सगळं एका चौकटीत बसलं म्हणून खूश झाले.

रतनवाडीत ज्यांच्याकडे उतरलो त्या मामा-मामींच्या ओटीवर रात्री लॅपटॉप उघडला. वीज गेलेली. आत्याने आधी स्क्रीनचा उजेड अर्ध्याहून खाली आणायला लावला. अंधारात स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवली की फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो, आपण तो दाबत जातो, आणि प्रिंट काढला की काळोख हातात येतो. घरी दिवे मालवून रात्री एडिटिंग करायची माझी पद्धत तिथल्या तिथे निकालात निघाली.

मग तळ्याचा फोटो आला.

“सांग रे, डोळा कुठे गेला?” आत्याने भाच्याला विचारलं.

“आधी दगडावर. मग फुलांवर. मग उजवीकडे ते अर्धं कापलेलं झाड आहे ना, तिथून बाहेर.”

“आणि डोंगर?”

“डोंगर कुठाय?”

होता, पण नखाएवढा. अठरावर लेन्स ठेवली की जवळची वस्तू मोठी होते आणि लांबचं आणखी लांब जातं. मला तिथे उभं राहून जो रतनगड अंगावर आल्यासारखा वाटला होता, तो फोटोत क्षितिजावरची गाठ झाला होता. आकाश पांढरंफटक, डोंगर काळा. सूर्य त्याच्या मागे, म्हणजे संध्याकाळी त्या काठावरून आपल्याला डोंगराची सावलीतलीच बाजू दिसणार. “शॅडोचा स्लायडर ओढून उजेड आणू नकोस,” आत्या म्हणाली. “उजेड तिथे नव्हताच. सकाळी साडेसहाला असेल.”

शुक्रवार

पाचला उठलो. मामींनी चुलीवरचा कोरा चहा दिला. बाहेर ओलं धुकं, आणि कॅमेरा खोलीतून बाहेर काढल्या काढल्या लेन्सवर वाफ धरली. ती पुसत बसण्यापेक्षा बाहेरच्या हवेशी जुळेपर्यंत थांबायचं असतं, म्हणून बॅगेची चेन उघडी टाकून गाडीतून तशीच काठापर्यंत आणली.

तीच जागा. या वेळी सूर्य पाठीशी. सप्टेंबरच्या शेवटी दिवस-रात्र जवळजवळ सारखी असतात, सूर्य अगदी पूर्वेला उगवतो आणि रतनगडाचा कडा थेट समोरून उजळतो. आधी फक्त माथा तांबूस झाला, मग ती रेघ हळूहळू खाली उतरायला लागली. आत्याने माझी लेन्स पंचावन्नवर फिरवून ठेवली आणि म्हणाली, आज ही हलवायची नाही, हलायचं तर पायांनी. होडी गेली, दगड गेला, फुलं गेली. उरला डोंगर, पाण्यावरचं धुकं आणि पाण्यात पडलेला डोंगर.

तिथे एक गोष्ट शिकले ती आणखी कुठे वाचायला मिळाली नव्हती. फोटो तिरका वाटत होता, म्हणून मी समोरचा काठ आडवा सरळ करायला कॅमेरा फिरवत होते. आत्या म्हणाली, समुद्राचं क्षितिज सरळ असतं, तळ्याचा काठ नसतो. तो एका बाजूला आपल्या जवळ येतो, दुसऱ्या बाजूला लांब जातो, त्यामुळे चौकटीत तिरकाच दिसणार. बघायचं ते शिखर आणि त्याचं प्रतिबिंब. दोन्ही एकाखाली एक, उभ्या रेषेत आले की कॅमेरा सरळ. मग काठ कितीही उतरता दिसला तरी फोटो पडल्यासारखा वाटत नाही.

माथ्यावरचा रंग पाच-सात मिनिटांत ओसरला. भाचा तेवढ्या वेळात फोनवर काय काय करून मोकळा झाला होता.

परत येताना अमृतेश्वराच्या देवळात गेलो. झंज राजाने नद्यांच्या उगमांपाशी बांधलेल्या बारा शिवमंदिरांपैकी हे एक, असं सांगतात. प्रवरा उगम पावते ती इथेच, रतनगडावर. देवळाचं कोरीवकाम बारकाईचं आहे, शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी चढत जातात. जवळून कॅमेरा वर केला की त्या भिंती मागे कलंडतात. मागे सरकून, कॅमेरा सरळ धरून, खालची जास्तीची जमीन नंतर कापायची, एवढा साधा उपाय. पुष्करणीत मात्र रमले. चहूबाजूंनी कोनाडे, त्यांत विष्णूच्या मूर्ती, पायऱ्यांवर शेवाळ. ढगाळ उजेडात त्या दगडाचा पोत इतका नीट येतो की ऊन नको वाटतं.

खरी शाळा दुपारनंतर मामांच्या खाचरात भरली.

भात निसवलं होतं. बांध नागमोडी वळत डोंगराकडे गेलेले, बांधांवर तेरडा, वर चढावर खुरासणीच्या फुलांचा पिवळा पट्टा. कुठल्याही फोटो शिकवणीत सांगतात की नजरेला आत नेणारी रेषा शोधा. मी बांध शोधला, गुडघे टेकून कॅमेरा बांधाला चिकटवला आणि रेषा पकडली. आत्याने मागून वाकून पाहिलं.

“ही रेषा कुठे नेते?”

“डोंगराकडे.”

“कुठे नेते? बांध त्या झाडाच्या बुंध्याशी संपतोय, आणि भाताच्या लोंब्यांनी मधलं सगळं झाकलंय. नुसती रेषा असून काय उपयोग? ती कुणाच्या तरी घरी पोचली पाहिजे.”

मग तिने मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढायला लावलं. मामा हसत होते. वरून बघितलं आणि चित्रच पालटलं. खाली असताना एकमेकांवर चढून बसलेली खाचरं सुटी झाली. त्यांच्यामधलं पाणी दिसायला लागलं, पाण्यात आभाळ दिसायला लागलं. झाडाचा शेंडा मघाशी डोंगराच्या धारेला चिकटून होता, तो आता तिच्याखाली आला आणि दोघांच्या मध्ये थोडी मोकळी जागा उरली. कॅमेरा जेमतेम चार-पाच फूट वर गेला होता. आजवर मी डावीकडे सरकले होते, उजवीकडे सरकले होते, जमिनीवर लोळलेही होते; वर-खालीचा विचार केला नव्हता. सगळे जमिनीला टेकून फोटो काढतात म्हणून मीही टेकत होते. पुढे दगड किंवा फूल असं काही ठसठशीत असेल तर खाली बसावं, आणि एकामागे एक थर दाखवायचे असतील तर वर चढावं, असं आत्याचं सरळ गणित.

शटर दाबायच्या आधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा बोट फिरवल्यासारखी नजर फिरवायची, हेही तिथेच कळलं. माझ्या कोपऱ्यात ट्रॉलीचा गंजका आकडा आला होता. तो मला तोवर दिसलाच नव्हता.

रात्री पिठलं, तांदळाची भाकरी आणि ठेचा झाल्यावर पुन्हा ओटी. आज मी जेवणाआधीच त्या खाचराच्या फोटोवर लॅपटॉपवर हात फिरवून ठेवला होता. हिरवा छान तजेलदार केला, धूसरपणा काढणारं डीहेझ वाढवून डोंगर खणखणीत केला. आत्या बोलायच्या आधी मामा मागे येऊन उभे राहिले.

“हे कुठलं?”

“तुमचंच खाचर, मामा. दुपारी काढलं ना.”

“नाय, आमचं नाय हे. एवढं हिरवं असतं ते श्रावणात. आता भात निसवलंय, पिवळसर मारायला लागलंय. आणि आज एवढा जवळ कुठं दिसत होता डोंगर? असा दिसतो तो पाऊस सरला, आभाळ मोकळं झालं की.”

आत्याने माझ्याकडे बघून भुवई वर केली.

मला वाटतं, एडिटिंगवर याहून नेमका शेरा मला कुणी देणार नाही. मामांना सॅच्युरेशन म्हणजे रंगांचा भडकपणा हे ठाऊक नाही. पण भाताच्या रंगावरून ते महिना सांगतात आणि डोंगराच्या धूसरपणावरून हवामान. मी दोन स्लायडर ओढून त्यांचा महिनाही बदलला होता आणि हवाही.

मग आत्याने शांतपणे सगळं मागे नेलं. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने रंग न घडवलेली कच्ची फाइल होती म्हणून ते जमलं. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने आपल्या मर्जीने केलेले रंग इतके मागे नेता येत नाहीत. आधी व्हाइट बॅलन्स थोडा उबदार. मग रंगांच्या पट्टीत फक्त हिरवा उघडून तो किंचित पिवळ्याकडे सरकवला आणि त्याचा भडकपणा उतरवला. सगळ्या फोटोचं सॅच्युरेशन वाढवलं की आधीच गडद असलेले रंगही फुगतात. व्हायब्रन्स फिक्या रंगांना जास्त उचलतो, भडक रंगांना कमी, म्हणून वाढवायचंच असेल तर तो, आणि तोही थोडा. डीहेझ तिने शून्यावर आणलं. डोंगर पुन्हा मागे गेला, निळसर झाला, आणि खाचरं आपोआप पुढे आली. धूसरपणा जवळचं आणि लांबचं वेगळं करतो. मी तोच पुसून टाकत होते.

“आता?” तिने मामांना विचारलं.

“आता हाय,” मामा म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

शनिवार

साम्रदहून घाटघरच्या कोकणकड्यावर पोचलो तेव्हा कोकण नावाची काही वस्तू आहे यावर विश्वास बसेना. समोर नुसतं पांढरं. खालून धुकं वर फेकलं जात होतं, रेनकोटच्या आत पाणी शिरत होतं. सांदण दरी पावसाळ्यात बंद, तो प्रश्नच नव्हता.

वाट बघताना भाच्याने घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पाची गोष्ट काढली, त्याच्या अभ्यासात होती म्हणे. वर घाटघरला एक धरण, खाली चोंढ्याला दुसरं. विजेची मागणी असते तेव्हा पाणी वरून खाली सोडून २५० मेगावॉट वीज करायची, आणि मागणी नसते तेव्हा तेच पाणी पंपाने परत वर चढवायचं. आत्या म्हणाली, “म्हणजे त्यांचंही आपल्यासारखंच. रोज तेच काम पुन्हा.”

धुक्यात मी काढलेले सगळे फोटो मळकट राखाडी येत होते. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं धरून चालतो, त्यामुळे पांढरं धुकंही तो करडं करून टाकतो. एक्स्पोजर एका स्टॉपने, म्हणजे दुपटीने वाढवलं, हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, उजवीकडे सरकला पण कडेला आपटला नाही, आणि धुकं धुक्यासारखं दिसायला लागलं. तासाभराने ते मध्येच फाटलं. कड्याच्या धारेवरचं वाऱ्याने वाकलेलं एक झुडूप, त्याच्यामागे एक कडा, त्याच्यामागे अर्धवट दुसरा. मिनिटभर दिसलं आणि मिटलं. त्यातला एकच फोटो नीट आला आणि मला तेवढा पुरला.

दुपारी रंधा धबधब्यावर गेलो. जवळजवळ १७० फुटांवरून प्रवरा कोसळते, शेजारी घोरपडादेवीचं देऊळ, आणि शनिवार असल्यामुळे कठड्याला माणसांची रांग. लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावून फिरवला की ओल्या कातळावरची आणि पानांवरची चकाकी जाते आणि त्यांचा मूळ रंग वर येतो. पावसाळी फोटोत याचा उपयोग निळ्या आभाळापेक्षा इथेच जास्त. शटर दोन सेकंदांवर ठेवलं तर पाण्याचा नुसता कापूस होत होता, पाव सेकंदाला धारा सुट्या दिसत होत्या. एवढं करून आम्ही निघालो. एका सेल्फीवाल्या काकांनी माझा ट्रायपॉड दोनदा ढकलला होता.

रात्रीच्या बैठकीत पहिला बळी भाच्याचा. त्याने फोनमधल्या कुठल्याशा तयार फिल्टरने कोकणकड्याचं चित्र केलं होतं. ढग जांभळे, आणि डोंगराच्या धारेभोवती पांढरी प्रभावळ. सावल्या उचलून आणि उठाव वाढवणारी क्लॅरिटी ताणून झाली की डोंगर जिथे आभाळाला भेटतो तिथे ही प्रभावळ हमखास उमटते. “देवाच्या तसबिरीत ठीक आहे,” आत्या म्हणाली. पण त्याच्या दुसऱ्या एका फोटोवर ती बराच वेळ थांबली. फक्त ओलं दगडी कुंपण आणि त्याच्यामागे काहीच नाही, नुसतं पांढरं. “हा कसा काढलास?” तो म्हणाला, “पुढे काही दिसतच नव्हतं.” मला दिवसभर न दिसणाऱ्या कोकणाचं दुःख होत होतं, आणि हा पोरगा जे दिसत होतं त्याचा फोटो काढत होता.

माझा झुडपाचा फोटो आला. भाच्याने विचारलं, “मावशी, यात तू काय बघत होतीस?”

बोलायला बंदी होती, पण विचारलंच होतं म्हणून मी सांगितलं, झुडूप. “मग आभाळ का एवढं उजळ आहे? मी तर आभाळच बघतोय.”

आत्याला आता तिच्या अंधाऱ्या खोलीतली गोष्ट आठवली. निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली उजेड पडत असताना तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून ती नवरीच्या चेहऱ्यावर हलवत राहायची. तेवढ्या भागावर उजेड कमी पडला की प्रिंटमध्ये चेहरा उजळ यायचा. उलट पुठ्ठ्याला भोक पाडून फक्त फेट्यावर जास्त उजेड दिला की फेटा गडद व्हायचा. चकती सतत हलती ठेवायची, नाहीतर कड उमटते आणि चोरी पकडली जाते. आता तेच लॅपटॉपवर ब्रशने होतं, एवढाच फरक. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सने १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला, ती निगेटिव्ह एकच, पण पुढच्या काही दशकांत त्याने तिचे जे प्रिंट काढले त्यांत आभाळ काळं होत गेलं, सुरुवातीच्या प्रिंटमधले ढग नाहीसे होत गेले. मग मामांचा शेरा आणि हे, या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, असं मी विचारलं.

आत्या म्हणाली, “त्याने आभाळ काळं केलं, ऋतू बदलला नाही.”

हे मला तेव्हा पूर्ण पटलं नाही आणि अजूनही नाही. काळं आभाळही कुणीतरी पाहिलेलं नसतंच. पण कामापुरतं उत्तर मिळालं. झुडपावर अगदी किंचित उजेड वाढवला, वरच्या कडेचं धुकं अर्ध्या स्टॉपने खाली आणलं आणि नजर जिथे जायला हवी होती तिथे गेली. चारही कोपरे काळे करणारा तयार स्लायडर मी पूर्वी सर्रास वापरायचे. त्याची गरजच उरली नाही.

मग आत्याने स्वतःचे पाच उघडले. आम्ही दोघं गप्प. ती म्हणाली, नियम सगळ्यांना सारखे. भाचा चाचरत म्हणाला, “आत्याआजी, या पुष्करणीत डावीकडचा कोनाडा अर्धाच आलाय. मुद्दाम का?” आत्याने उत्तर दिलं नाही. नियमच होता तसा. पण वहीत काहीतरी लिहून घेतलं.

रविवार

निघायच्या दिवशी सकाळी आत्या एकटीच ट्रायपॉड घेऊन पुष्करणीवर गेली. आम्ही उठलो तेव्हा ती परत येत होती. कोनाडा पुरा आला का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

मी ट्रॉलीपाशी गेले. ट्रॉली नव्हती, ती कुणीतरी घाटघरला नेलेली. मग मामांच्या पडवीच्या कट्ट्यावर उभी राहिले. उंची जवळपास तीच, पण जागा पंधरा-वीस पावलं बाजूला, आणि त्यामुळे चौकटीत मधोमध विजेचा खांब. आभाळात हस्ताचे ढग जमायला लागले होते, मधूनच एक उन्हाचा कवडसा खाचरांवरून सरकत डोंगराकडे जात होता. त्याची वाट बघत बसले. कवडसा पुढच्या खाचरावर असताना मागचा डोंगर सावलीत आणि डोंगरावर गेला की खाचर सावलीत. दोन्हींपैकी काय हवं ते आधी ठरवून ठेवलं तरच हाताला लागतं. मी खाचर ठरवलं.

चहा पिता पिता लॅपटॉपवर खांब पुसून टाकला. हल्ली ते काम दोन मिनिटांचं आहे. हिरवा पिवळ्याकडे, डीहेझ शून्य, सगळं शिकवल्याबरहुकूम. आत्याने पाहिलं आणि काहीच बोलली नाही, म्हणजे तिच्या मानाने बरंच बोलली. मामांना दाखवला. त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला.

“रंग बराबर हाय. खांब कुठं गेला?”

“काढला, मामा. मध्ये येत होता.”

“अहो, खांबाच्या अलीकडं आमचं, पलीकडं चुलत्याचं. खांब काढला तर कळायचं कसं कोणाचं कुठलं? नवरात्रात पाव्हणे येतात, भिंतीवर लावायचा होता.”

मामी आतून म्हणाल्या, खांबावर बसलेला पक्षी पण होता, तो पण ठेवा.

परतीच्या वाटेवर आम्ही यावर बरंच भांडलो. भाच्याचं म्हणणं, खांब ठेवून क्रॉप असा करायचा की तो एक तृतीयांशावर येईल. आत्याचं म्हणणं, खांब हाच विषय करायचा असेल तर मग जवळ जायला हवं होतं, नाहीतर तो नकोच. शेंडीला पाऊस सुरू झाला, बारीला ऊन पडलं होतं, आणि कळसूबाई पहिल्यांदाच पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसली. यंदाच्या नवरात्रातल्या यात्रेची तयारी चाललेली असावी, रस्त्याकडेला नारळ-प्रसादाच्या दुकानांचे बांबू पडले होते. कुणीच कॅमेरा बाहेर काढला नाही. भाचा झोपला होता, आणि आत्याला घोटीत मिसळ खायची होती.

घरी आल्यावर दोन प्रिंट काढून घेतले, बारा बाय अठराचे. कॅमेऱ्याची चौकट तीनास दोन असते, त्यामुळे या मापाला काही कापावं लागत नाही. आठ बाय दहा सांगितला की दोन्ही बाजू जातात. घरच्या स्क्रीनचा उजेड कमी ठेवला होता, तरी पहिला प्रिंट थोडा काळोखीच आला. एक्स्पोजर किंचित उचलून दुसऱ्यांदा काढला, तो जमला. खांब आणि पक्ष्यासकटचा मामांना पाठवला. बिनखांबाचा आत्याकडे घेऊन गेले. तिने तो खिडकीजवळ नेऊन बराच वेळ बघितला, मग उलटा धरून बघितला. उलटा धरला की त्यात काय आहे ते डोळा विसरतो आणि नुसती वजनं दिसतात, असं ती म्हणते.

“डावीकडून अजून बोटभर काप,” ती म्हणाली.

मी कापलं नाही. डावीकडे त्या बोटभर जागेत तेरडा आहे, आणि तो मला हवा आहे.